फटफटीचा प्लग हवालदारांच्या खिशात

माझं नाव अनसूया, पन गावात अनसूया म्हनून इचारलंसा तर कुनाला कळायचं न्हाई, फटफटीवाली कुठं ऱ्हाती म्हना, शेंबडं पोरबी घर दाखवंल. माहेर माझं विट्याच्या वरल्या अंगाला. समदा माळ, कुसळं आन् दगूड, उन्हाळ्यात हंडाभर पान्यापायी दीड कोस चालायचं, म्हनून तर माझा भाऊ मिसरूड फुटायच्या आदीच सोनं गाळायच्या दुकानात गेला, लांब, मद्रासच्याबी पल्याड, आन् मला दिली हिकडं वाईच्या बाजूला, कृष्णंच्या काठी. लगीन झालं तवा मी चौदाची. नदीचं येवढं पानी बगून मी घाटावरनं उठंनाच. सासूला आमी आत्याबाई म्हनतो, त्या म्हनल्या, ह्या पोरीनं पानी कवा बगितलंच न्हाई वाटतं. खरंच बगितलं नव्हतं.

मालक पलटनीत. त्येंचं नाव मी घ्यायची न्हाई, तुमी हवालदार लिवा, समदं गाव हवालदारच म्हनतं. वर्साला दोन म्हैनं रजा, बाकी दहा म्हैनं घरात मी, आत्याबाई, येक म्हस आन् माझी लेक शालन, ती आता नांदाया गेली साताऱ्याला. येकदा रजेवर आलं ते पाचगनीवरनं फटफटीच घिऊन आलं. तितं बोर्डिंगच्या साळा हायत न्हवं, त्यातला कोन साहेब इलायतंला परत चालला व्हता, त्येची जुनी बुलेट, हिरवी, आवाज आसा की नदीपल्याडची मानसं वळून बगायची. रजाभर हिंडलं तिच्यावर, मंग रजा संपली, हवालदार गेलं आन् फटफटी ऱ्हायली गोठ्यात म्हशीशेजारी. जाताना मला शिकवून गेलं, दर ऐतवारी इंजिन चालू करायचं, धा मिन्टं चालू ठिवायचं, न्हाईतर आतनं गंजतंय. कशी चालू करायची त्ये दावलं. हांडलाजवळ बारका खटका आसतो त्यो दाबायचा, किक हळूहळू खाली न्यायची, दिव्यावरल्या घड्याळाचा काटा मदी आला की खटका सोडायचा, किक वर घ्यायची आन् मंग समदं आंग तिच्यावर टाकायचं. जोराचं काम न्हाई त्ये, येळ साधायचं काम हाय. चुकलं तर किक उलटी बसती, नडगी फुटती, माजी दोनदा फुटली.

आता तुमीच सांगा, दर ऐतवारी चालू करायची आन् नुसतं बगत बसायचं, हे कुनाला जमंल? चवथ्या ऐतवारी मी टांग टाकली. आमचं लुगडं नऊवारी, मागं काष्टा, टांग टाकायला अडचन कसली, इजारीपरास बरं. पयलं खळ्यात फिरवली, मंग पांदीला, मंग सडकंला. आत्याबाई दारात हुभ्या ऱ्हाऊन वरडायच्या. हवालदार फुडल्या रजेला आलं तर मी त्येस्नी मागं बसवून वाईच्या गनपतीला घिऊन गेले, त्ये देवळाफुडं उतरलं, टोपी काडली, आन् म्हनलं, गेर बदलताना क्लच पुरता दाबत जा. तेवढंच. मंग सोता साताऱ्याला नेऊन लायसन काडलं माजं. तितला साहेब कागद बगून म्हनला, बाईला आनलंय, पन चालवनारा कुठंय?

त्येच वर्साला तालुक्याच्या हापिसातनं पांढऱ्या इलायती कोंबड्या मिळाल्या. अंडी व्हायला लागली ढिगानं, गावात खातंय कोन येवढी, म्हनून मी पाचगनीच्या साळंत इचारलं, तर त्येंचा म्हातारा खानसामा म्हनला, आठवड्यातनं दोनदा आन, बुदवारी आन् शनवारी, पन फुटकं येक चालायचं न्हाई. येष्टीनं नेली तर रोज रडगानं, पाटीवर कुनी तरी बसायचंच. येका बुदवारी गाडीच आली न्हाई. म्या दोन लाकडी खोकी घेतली, भाताच्या तुसात अंडी बशिवली, फटफटीला दोनी अंगानं बांदली आन् पसरनीचा घाट चढले. येक अंडं फुटलं न्हाई. काय सांगू तुमास्नी, वर टेबललँडच्या खाली यिऊन थांबले आन् मागं बगितलं तर समदं वाई खाली, नदी, देवळं, आमचा ऊस, बारकं बारकं. माज्या बापानं जन्मात येवढं लांबचं बगितलं नसंल. आसं चार वर्सं गेलं, चांगलं गेलं.

मंग पाठ दुखाया लागली. बरगड्यांच्या खाली, मदोमद, राच्च्याला ताप यायचा, पहाट झाली की उतरायचा. आंग उतरलं. गावातल्या हाडं बसवनाऱ्या मानसानं चोळून दिलं, म्हैना दोन म्हैने चोळलं, जास्तीच झालं. आन् समद्यांचं येकच, फटफटीवर बसून बसून मनका हाललाय. बाईचं आंग न्हवं त्ये फटफटीचं. आत्याबाई म्हनल्या, तरी मी सांगत व्हते. मलाबी वाटलं आसंल तसंच, दोन आठवडं बसले न्हाई, पाठ व्हती तशीच. मंग येक दिवस मी विहिरीवरनं आले तर शालन म्हनली, आये, तुजी येक चप्पल कुठं हाय? माज्या पायातली चप्पल वाटंत निसटली व्हती आन् मला त्याचा पत्ता नव्हता. आठ दिसात दोनी पाय गेलं. कमरंखाली हाय का न्हाई कळायचं न्हाई, चिमटा घ्या न्हाईतर चटका द्या.

भाऊ आला, जीपमदी गादी टाकून मला मिरजंला नेली. डाक्तरनं मनक्याचं फोटू काडलं आन् सांगितलं, मनक्याचा क्षय हाय, जंतू हाडात शिरल्यात, पू झालाय आन् त्यो पाठीतल्या शिरंला दाबतोय. वखुद लागू पडलं तर पाय येतील, पन येळ लागंल. सा म्हैनं पिलास्टरच्या पाळण्यात उतानी. रोज सुई. शालन माज्यापाशी, तिची साळा सुटली त्यात. माज्या डोक्यात येकच घोळत व्हतं, त्ये मी इचारलं, डाक्तर, ह्ये फटफटीनं झालं का? डाक्तर म्हनलं, बाई, क्षय काय फटफटीवर बसून येत न्हाई. म्या म्हनलं, येवडं कागदावर लिवून द्या. त्येस्नी वाटलं मी चेष्टा करती, हसलं आन् फुडल्या खाटंकडं गेलं. मला त्यो कागूद खरंच पायजे व्हता. त्यो आसता तर फुडची दोन वर्सं माजी येवडी वाया गेली नसती.

पाचव्या म्हैन्यात उजव्या पायाचा आंगठा हालला. डावा मागनं. घरी आले तर बारक्या पोरासारकी भिताडाला धरून चालायची. त्येच वर्साला हवालदारांची नोकरी पुरी झाली, पेन्शनीवर आलं. मानसानं माजं लय केलं, खोटं कशाला बोलू, न्हाऊ घातलं, उचलून बाहीर ठिवलं, गोळ्या घड्याळ लावून दिल्या. कोंबड्याबी बगितल्या, आन् अंडी त्येच न्यायला लागलं पाचगनीला. आन् हितंच माजं डोस्कं फिरायला लागलं. त्येंची चाल पलटनीतली, खड्डा दिसला की त्यातनंच गाडी घालायची. दर खेपंला सात-आठ अंडी फुटायची. खानसामा कुरकुर करायचा तर त्येलाच दरडावून यायचं. मी दारात बसून खोकी आत येताना बगायची, तूस वलं झालेलं दिसायचं. म्या सांगितलं, आवं, वळनावर आदी येग कमी करायचा. तर म्हनलं, मी बारा वर्सं टरक चालवलाय.

वर्स झालं, परत फोटू काडला, डाक्तर म्हनलं, हाड भरलंय. म्या इचारलं, फटफटी? डाक्तर म्हनलं, आदी उकिडवं बसता आलं पायजे, चढावर चालता आलं पायजे, सा म्हैन्यानं बगू, पट्टा बांदायचा, वझं उचलायचं न्हाई, धक्का टाळायचा. आता ह्यात न्हाई कुठं म्हनल्यात वो? पन हवालदारांनी आयकलं तेवडंच, धक्का. गावात यिऊन सांगितलं, डाक्तरनं फटफटी कायमची बंद केली. म्या समद्यांफुडं म्हनलं, आसं न्हाई म्हनलं डाक्तर. तर बायका म्हनायच्या, जीव वाचलाय त्यो सांभाळ की. जी यायची ती आसंच म्हनायची, जनू जीव वाचलाय म्हंजी त्येचं फुडं काय करायचंच न्हाई, नुसता राखत बसायचा.

सा म्हैने म्या गपगुमान काडले. उकिडवी बसाया शिकले, ओढ्याचा चढ चढाया शिकले. हवालदार म्हैन्यातनं येकदा पेन्शन आनायला येष्टीनं साताऱ्याला जायचं, त्या दिवशी फटफटी घरी. पयल्या खेपंला मी नुसती बसले तिच्यावर. दुसऱ्या खेपंला किक मारली. काटा मदी आनला, खटका सोडला, समदं आंग टाकलं, आन् पाय खाली गेलाच न्हाई. म्हंजी पाय माजा व्हता, पन त्यात कायच नव्हतं, रिकामी बाही आसती तसा. ईस-पंचवीस खेपा केल्या. घामानं पट्टा भिजला. आन् मी तितं म्हशीफुडं बसून रडले, दुक्कानं न्हवं, रागानं, कारन मला समदं यितंय, कुठं काय करायचं त्ये मला हवालदारांपरास जास्त कळतंय, आन् ही येक तंगडी आयकत न्हाई.

आत्याबाईंनी सांगितलं त्येस्नी. फुडल्या पेन्शनीच्या दिवशी मी गोठ्यात गेले तर इंजिनाचा प्लग जाग्यावर न्हाई, त्याबिगर ठिणगीच पडत न्हाई. काडून, धोतरात न्हवं, इजारीच्या खिशात घालून साताऱ्याला घिऊन गेलं. आवं, जितं जागतं मानूस दोन बोटांचा प्लग खिशात घिऊन पेन्शनीच्या रांगंत हुभं ऱ्हातंय, कशापायी, तर बायकू फटफटीवर बसंल म्हनून. आसं चार म्हैने चाललं. घरात भांडान न्हाई, आवाज न्हाई, म्या जेवायला वाडायचं, त्येनी जेवायचं, आन् प्लग खिशात.

वाईत कासमभाई म्हनून मेस्त्री हाय, आमची फटफटी त्योच बगतो. मी येष्टीनं गेले त्येच्याकडं आन् म्हनलं, भाऊ, येक जुना प्लग द्या. त्यो म्हनला, भाबी, हवालदार माज्या गळ्याला लागतील. म्या म्हनलं, लागू द्यात. मंग त्येनी इचारलं, पन किक कशी मारनार? म्या म्हनलं, किक मारायचीच न्हाई, गोठ्याफुडं उतार हाय, उतारावर सोडायची, दोन नंबर टाकायचा आन् क्लच सोडायचा. कासमभाईनं डोस्कं खाजवलं, प्लग घासून पुसून कागदात गुंडाळून दिला आन् म्हनला, मी दिला न्हाई हं.

आन् फुडल्या पेन्शनीच्या दिवशी चालू झाली. खरं सांगती, उतारावर सोडली, गेर टाकला, क्लच सोडला, येक हिसका बसला पाठीत आन् इंजिन धरलं. पांदीनं निघाले, वारं लागलं तोंडाला, पाय थरथर करीत व्हता पन मी चालवत व्हते, तीन वर्सानं. पार वडापातूर गेले. वळले. आन् परत येताना थांबायचं म्हनून बिरेक दाबला, ह्या जुन्या गाडीचा त्यो डाव्या पायाला आसतो, तर गाडी थांबंना. खाली बगितलं तर पाय बिरेकावर नव्हताच, बाजूला व्हता, आन् मला वाटत व्हतं मी दाबतीय. डाव्या तळपायाला अजून पुरतं कळत नव्हतं वो. गेले तशीच कडब्याच्या गंजीत. लागलं काय न्हाई, कडबा मऊ, पन सगळी आळी गोळा झाली, आन् संद्याकाळी हवालदार आलं तर त्येस्नी पाच जनांनी पाच तऱ्हंनं सांगितलं.

त्येंचंबी चुकीचं नव्हतं. घाटात आसं झालं आसतं तर? ह्ये मला कळत व्हतं, म्हनून जास्तीच राग येत व्हता, सोताचाच. हवालदार म्हनलं, इकून टाकतो. खरंच गिऱ्हाईक बगितलं, भुइंजचा कोन मानूस शुक्कारी बगायला यिनार म्हनून ठरलं.

बेस्तरवारी सकाळी त्ये फटफटी पुसत व्हतं. मी पट्टा बांदला, गोठ्यात गेले आन् म्हनलं, लढाईत तुमच्या मांडीला छर्रा लागला तवा तुमी तीन म्हैने लंगडत हितं घरी व्हता. डाक्तरनं सांगितलं व्हतं बसून काम घ्या. तुमी परत गेलासा, तितंच, त्याच पलटनीत. आत्याबाई रडल्या, म्या रडले न्हाई. तुमची बॅग म्या भरून दिली. तवा म्या तुमचे बूट लपवले व्हते का?

हवालदार पुसायचं थांबलं. हातातलं फडकं तसंच. म्हनलं, त्ये काम व्हतं माजं.

म्या म्हनलं, आन् ह्ये माजं हाय.

त्येनी फडकं खुंटीला टांगलं. शुक्कारी भुइंजचा मानूस आला, च्या पिऊन गेला, फटफटी त्येला दाखवलीच न्हाई, म्हनलं इंजिनाचं काम निघालंय. शनवारी सकाळी उटले तर गोठ्यातनं आवाज. प्लग जाग्यावर, इंजिन चालू, हवालदार हांडेल धरून हुभं, खोकी बांदलेली. पलटनीतले त्येंचे कॅनवासचे बूट माज्याफुडं टाकलं, म्हनलं, दोरी घट्ट बांद, चप्पल निसटती तुजी. आन् बस. मी बसले. आन् माज्या मागं त्ये बसलं.

मला वाटलं व्हतं मी लय खूस व्हईन. कशाची खूस, आवं, मानूस मागं बसून बडबड करतंय, बिरेक, बिरेक, म्हस आली, गेर खाली घे, डावीकडं. ज्या बाईनं चार वर्सं घाट चढला तिला त्ये हॉर्न वाजव म्हनून सांगत्यात. पसरनीला पोचलो तर उतर म्हनलं, घाटात मी चालवतो. त्या दिवशी उतरले. त्या फुडं आठ म्हैने उतरत ऱ्हायले, सपाटीला मी, घाटाला त्ये. कासमभाईनं बिरेकाला लोखंडाची रुंद पट्टी जोडून दिली, पाय चुकला तरी पट्टीवरच पडावा म्हनून, आन् मी सवय लावून घेतली, थांबायच्या आदी खाली बगायचं, पाय कुठं हाय. पाय सांगत न्हाई तर डोळ्यानं इचारायचं. लाज वाटती, पन करती.

घाट ह्या उन्हाळ्यात चढले. पसरनीला म्या गाडी थांबवलीच न्हाई, सरळ वर घातली. मागनं हवालदार काय तरी म्हनलं, मंग गप झालं, पार वरपातूर गप, त्येंचा हात तेवढा माज्या पट्ट्याला धरलेला. तिसऱ्या वळनावर पाय आसा थरथरला की वाटलं आता पडतो दोगंबी. न्हाई पडलो. साळंच्या दारात थांबले, खाली बगून बिरेक दाबला, आन् उतराया गेले तर पायच न्हाईत, दोनी बधिर. हवालदारांनी मला उचलून खाली घेतली, पाटीसारकी, त्या समद्या सायबांच्या पोरांम्होरं. खानसाम्यानं खोकी उघडली, म्हनला, येकबी फुटलं न्हाई. आन् मी तितं दगडावर बसून पाय चोळत व्हते, हसावं का रडावं.

तर आता आसं हाय. किक अजून हवालदारच मारत्यात. मदी वाटंत इंजिन बंद पडलं आन् मी येकली आसले तर उतार हुडकायचा, न्हाईतर येनाऱ्या-जानाऱ्याला म्हनायचं, दादा, तेवढी किक मारता का. मानसं हसत्यात. येकली जाऊ देत न्हाईत फारसं, त्यावरनं आमचं रोजचं हाय, रोज तेच त्येंचं, रोज तेच माजं. थंडीत पाठ धरती. पयल्यासारकं काय झालं न्हाई, व्हनारबी न्हाई, आता कोन म्हनलं की देवाची किरपा, तर मी व्हय म्हनती, पन आतनं माजं जळतंयच. फुडल्या म्हैन्यात मिरजंला परत फोटू काडायचा हाय. त्यात काय निघंल त्ये निघंल, त्याच्या आदीच्या खेपा तरी माज्या हायत.

तुमी येवडं लिवून घेतलंसा, तुमचंबी हात दुकलं आसतील. देव तुमास्नी धडधाकट ठिवू दे, आन् कुनी तुमच्या भल्यासाठी म्हनून तुमास्नी घरात बसवून ठिवू नये, येवडंच म्हनती. उटते आता, आज बुदवार हाय.